रिलेनं किती थांबावं, भाऊ?

दशक्रियेला आळंदीच्या घाटावर प्रवचन संपलं आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. तुमच्या निघोज्याचे माजी सरपंच बोलले, पतसंस्थेतले कुणी बोलले, तुमचे एक वर्गमित्र बोलले. सगळ्यांनी तुम्हाला मनमिळाऊ म्हटलं. मी मागे बायकांमध्ये बसले होते. आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या दशक्रियेला येऊन बसलोय की काय, असं मला वाटायला लागलं. ज्या माणसाशी इतक्या वर्षांत एकाही साइटवर माझं धड एकमत झालं नाही, तो मनमिळाऊ?

मग कुणीतरी "ज्ञानोबाभाऊंच्या भागीदार शुभांगीताई" असं पुकारलं आणि माईक माझ्या हातात आला. मी म्हणाले, "भाऊ आणि मी एकत्र काम करायचो." पुढचं वाक्य आलंच नाही. माईक परत दिला आणि जागेवर येऊन बसले. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांना वाटलं, दुःखानं कंठ दाटून आला. दुःख होतंच, पण बोलणं अडलं ते त्यामुळे नाही. तुमच्याबद्दल काय सांगावं हेच मला कळत नव्हतं. दोनच दिवस आधी फाउंड्रीतल्या जाधवांचा फोन येऊन गेला होता, आणि तेव्हापासून तुम्ही मला जे वाटत होतात ते होतात की नाही, याचाच पत्ता लागेना.

अजूनही नीट लागलेला नाही. म्हणून तुम्हालाच लिहिते.

त्या दिवशी घाटावरून परतताना तुमच्या मेव्हण्यानं गाडीत विचारलं, "ताई, तुमचं आणि दाजींचं एवढं भांडण तरी कशावरून व्हायचं?" मी त्यांना माझ्या परीनं समजावून सांगितलं. म्हटलं, कंपनीत वीज येते तिथे एक मोठं पॅनेल असतं, आणि त्या पॅनेलच्या दारावर एक चौकोनी डबी असते, तिला रिले म्हणतात. आत करंट किती वाहतोय यावर ती नजर ठेवते. प्रमाणाबाहेर वाहायला लागला की ती ब्रेकरला सांगते, तोड. मग सगळी लाईट जाते. मेव्हणे म्हणाले, यात भांडण्यासारखं काय? मी म्हटलं, किती वेळ थांबून तोडायचं, ते. करंट वाढलेला दिसला की ठरलेली थोडकी वेळ मोजायची आणि तोडायचं, मग करंट केवढाही असो, ही एक पद्धत. तिला डेफिनिट म्हणतात. ती भाऊंची. दुसरीत करंट थोडा जास्त असेल तर रिले बराच वेळ वाट बघतो आणि खूप जास्त असेल तर लवकर तोडतो. ती इन्व्हर्स. ती माझी. मेव्हण्यांनी मान डोलावली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना वाटलं असेल, एवढंच?

एवढंच होतं, भाऊ. पण आपल्याला ते पुरलं.

आपली पहिली गाठ पडली तीही अशीच. मी तेव्हा भोसरीतल्या एका पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करत होते. उदगीरहून येऊन मला फार वर्षं झाली नव्हती, थेरगावात डांगे चौकाच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. चाकणच्या एका कंपनीत आमचं पॅनेल बसलं होतं आणि त्याचं वायरिंग तुमच्याकडे होतं. मी दिलेली वेळ तुम्ही निम्म्यावर आणून ठेवली होती. मी विचारलं, कुणाला विचारून केलं? तुम्ही शर्टाच्या बाहीनं घाम पुसत म्हणालात, "ताई, ही लाईन पुढं आमच्या गावाला जाती. कंपनीचा रिले झोपा काढत बसला, तर वरचा तुटतो आन् सगळा गाव अंधारात बसतो. कंपनीला जनरेटर हाय. आमच्या दळणाच्या गिरणीला न्हाई."

मला राग आला होता. खरं तर तुमचं म्हणणं पुस्तकातही होतं. कंपनीच्या रिलेनं वीजवाल्यांच्या रिलेच्या आधी तोडायला हवं, हे मी परीक्षेतही लिहिलं होतं. पण तुम्ही ते गिरणीवरून सांगितलंत. मी तुम्हाला माझी बाजू सांगितली, की तुमच्या वेळेनं रिले एखादी मोटर सुरू होतानाच्या झटक्यालाही घाबरेल आणि अख्खी कंपनी बंद पाडेल. तुम्ही ऐकून घेतलंत आणि वेळ तीच ठेवलीत. पुढे काही महिन्यांनी फोन करून विचारलंत, ताई, आपण मिळून टेस्टिंगचं काम सुरू करू या का. मी विचारलं, माझ्याशीच का? तुम्ही म्हणालात, "तुमी उगीच हो म्हनत मान हलवत न्हाई." मला वाटलं, तुम्ही माझं कौतुक करताय. आता तेही खात्रीनं सांगता येत नाही.

दोघांकडे आपापली एकेक हकिगत होती आणि ती आपण एकमेकांना किती वेळा ऐकवली असेल. तुमची होती ती प्रेस शॉपमधली. तिथे केबलच्या जोडाजवळ एक फिटर उभा असताना जोड फुटला, तुमच्या छोट्या वेळेनं ब्रेकर पडला आणि त्या माणसाच्या फक्त भुवया जळाल्या. "तुमच्या वेळंला तो गेला असता, ताई," असं तुम्ही म्हणायचात, आणि ते खरं होतं. माझी होती ती निघोज्याजवळच्या फाउंड्रीतली. तिथे भट्टीत लोखंडाचा रस तयार असताना काही कारण नसताना रिलेनं लाईट घालवली. भट्टीला थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप थांबला. डिझेलवरचा दुसरा पंप लगेच लागेना. भट्टी सांभाळणारे मारुतीमामा, बीडकडचा शांत माणूस, ते हातानं व्हॉल्व्ह फिरवत वरच्या टाकीचं पाणी सोडत होते आणि बाकीच्यांना ओरडून शेडबाहेर घालवत होते. पाणी वेळेवर पोचलं. नसतं पोचलं तर भट्टीभोवतीची तांब्याची कॉइल वितळून पाणी रसात गेलं असतं, आणि मग स्फोटात शेड राहिली नसती. तुमच्या वेळेला मामा गेले असते, भाऊ, असं मी म्हणायची. तेही खरंच होतं.

त्या फाउंड्रीत घोळ कशामुळे होत होता, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी दुसरी भट्टी घेतली होती आणि तिचा ट्रान्सफॉर्मर चालू करताना क्षणभर मोठा, वेडावाकडा करंट ओढला जायचा. तीन तारांवरच्या तीन मापकांची बेरीज करून आपला रिले गळती ओळखायचा. बेरीज शून्य आली की सगळं ठीक, नाही आली तर कुठेतरी करंट जमिनीत जातोय. पण त्या वेड्यावाकड्या करंटानं मापकंच गडबडायची, बेरीज चुकायची, आणि गळती नसतानाही रिलेला ती दिसायची. माझं म्हणणं, त्याला थांबायला शिकवा, झटका निघून जाईल. तुमचं म्हणणं, डोळे खराब असतील तर डोळे बदला, थांबायला कशाला लावता? अख्ख्या केबलभोवती एकच मोठं कडं, म्हणजे गोल मापक, बसवायचं. आत जाणारा आणि परत येणारा सगळा करंट त्या एकाच कड्यातून गेला की खरी गळती तेवढीच दिसते. मग वेळ छोटीच ठेवता येते. मी म्हणायची, कड्यासाठी अख्खी कंपनी बंद ठेवायला मालक तयार होणार नाहीत. तुम्ही म्हणायचात, मी करतो तयार. असं करत पाऊस गेला, दिवाळी गेली. नवी भट्टी चालू करताना मामा जुनी रिकामी ठेवायचे, आणि काम तसंच चालू राहिलं.

मग माझी आई पडली आणि मी उदगीरला गेले. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करावं लागलं. मी तिथे असताना फाउंड्रीतून मेंटेनन्सच्या जाधवांनी तुम्हाला बोलावलं. दोन्ही भट्ट्या एकदम चालवायचा माल आला होता आणि आता रिले पडलेला त्यांना चालणार नव्हता. तुम्ही एकटेच गेलात. दुपारी मला तुमचा फोन आला. मी दवाखान्याच्या जिन्यात होते, खाली रिक्षावाल्यांचा कालवा होता. तुम्ही आधी आईची चौकशी केलीत. मग म्हणालात, "फाउंड्रीचं करून आलोय, ताई. आल्यावर बोलू. तुमी हसाल मला."

मी विचारलं, काय केलंत? तुम्ही परत म्हणालात, आल्यावर बोलू. मी घाईत होते, ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमनवहिनींचा फोन आला. चहा पिऊन गोठ्याकडे गेलात आणि तिथेच बसलात, एवढं त्या बोलल्या. बाकीचं तुमच्या पुतण्यानं सांगितलं. मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

जाधवांनी फोनवर सांगितलं ते असं: "मॅडम, भाऊंनी रिलेचं सेटिंग चेंज केलंय, वेळ वाढवून ठेवलीय. चालतंय व्यवस्थित, दोन्ही भट्ट्या चालू आहेत. पण आता ते नाहीत, तर तुम्ही एकदा बघून घ्या." दशक्रिया झाल्यावर मी गेले. पॅनेलसमोर उभी राहून रिलेची बटणं दाबत एकेक आकडा पुढे घेत गेले. गळतीच्या आकड्यापाशी आले आणि थांबले. डेफिनिट काढून तुम्ही तिथे इन्व्हर्स घातलं होतं. तेही चांगलं लांब. मी मागितलं असतं त्याच्यापेक्षाही लांब.

पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद झाला. क्षणभरच. भाऊंनी मानलं, असं वाटलं. लगेच त्या आनंदाची लाज वाटली. आणि मग भीती वाटली, कारण ते सेटिंग बरोबर नव्हतं. टेस्टिंगचं किट लावून तपासलं. थोडी गळती असेल तर तो रिले इतका वेळ वाट बघणार होता, की तोवर वीजवाल्यांचाच रिले तुटला असता आणि तुमचं अख्खं गाव अंधारात गेलं असतं. ज्या गोष्टीसाठी तुम्ही माझ्याशी पहिलं भांडण केलंत तीच गोष्ट. तुमच्या हातून हे कसं होईल?

मी जाधवांना विचारलं, काय म्हणाले भाऊ? जाधव म्हणाले, तात्पुरतं आहे असं म्हणाले. कडं मागवलंय, ते येईपर्यंत ठेवतो, मग परत माझ्या वेळेवर आणतो. त्यांना हे स्पष्ट आठवत होतं, कारण कडं बसवायला कंपनी एक दिवस बंद ठेवावी लागेल, हे तुम्ही त्यांना तेव्हाच सांगून ठेवलं होतं.

मग मी शेडमध्ये मारुतीमामांकडे गेले. ते म्हणाले, तुम्ही सेटिंग करून झाल्यावर त्यांच्याजवळ येऊन बसलात. प्यायला पाणी मागितलंत. बराच वेळ भट्टीकडे बघत राहिलात. "आन् मला म्हनले की, मामा, ताईचंच खरं होतं. हितं थांबायलाच पायजे. आता ह्याला कुनी हात लावू नका." मी मामांना विचारलं, तात्पुरतं म्हणाले का? मामा म्हणाले, "न्हाई की. तसं न्हाई म्हनले."

दोघंही खोटं बोलणारे नाहीत. जाधव एकेक शब्द तोलून बोलणारा माणूस आहे, आणि मामांना खोटं बोलून काय मिळणार? मग तुम्ही एकाच दुपारी दोघांना दोन गोष्टी कशा सांगितल्यात? एक विचार माझ्या मनात आला, तो लिहायला नको वाटतं, तरी लिहिते. तुम्हाला तेव्हाच बरं वाटत नसेल का? पाणी मागितलंत, बसून राहिलात. डोकं ठिकाणावर नसताना बोटं भलत्याच आकड्यावर थांबली असतील का? हा विचार आला की मला दवाखान्याचा तो जिना आठवतो. तुमचा आवाज कसा होता ते आठवायचा प्रयत्न करते. मला रिक्षावाल्यांचे आवाज आठवतात, तुमचा नाही.

दोन दिवसांनी आपल्या चाकणच्या ऑफिसात पार्सल आलं. उघडलं तर आत कडं. मला वाटलं, चला, सुटलं कोडं, जाधवांचंच खरं. पण कड्याचं माप बघितलं तर ते फाउंड्रीच्या केबलला हवं त्याहून बरंच मोठं होतं. बसलं असतं, पण तुम्ही असं ढगळ कधी मागवलं नसतंत. आपल्याकडे त्या कोल्ड स्टोरेजचं काम अर्धवट पडलेलं आहे, तिथली केबल जाड आहे, तिला ते अचूक होतं. पुरवठादाराला फोन केला. तो म्हणाला, भाऊंनी फोनवर माप सांगितलं, कुठल्या साइटचं ते मी विचारलं नाही. झालं. मी ते कडं टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसले. भाऊ, तुम्ही कधी एक गोष्ट सरळ सांगितली असतीत तर?

पण मला थांबून चालणार नव्हतं. माणसं रोज त्या पॅनेलशेजारून जात होती. मामा रोज भट्टीपाशी होते. तुम्हाला काय म्हणायचं होतं हे मला कधीच कळणार नसेल, तर निदान मला काय बरोबर वाटतं ते करायला हवं होतं. आणि त्यातही गोंधळ असा, की मला काय बरोबर वाटतं हेच आता पूर्वीसारखं पक्कं वाटत नव्हतं. तुमच्यासमोर ते नेहमी पक्कं असायचं.

मालकांना मीच तयार केलं, गुरुवारी, सुट्टीलाही चालणाऱ्या भट्ट्या थांबवून, लाईन बंद करून घेतली आणि ते मोठं कडंच फाउंड्रीच्या केबलवर बसवलं. गळतीला कड्याची नजर आणि छोटी वेळ, तुमची. बाकी जास्तीच्या करंटाला इन्व्हर्स, माझी. दोन्ही मिळून ठेवलं, आपण दोघं असताना कधी ठेवलं नसतं तसं. मग केबलच्या एका गाभ्यातून, म्हणजे आतल्या तारेतून, करंट सोडला आणि खऱ्या गळतीसारखा बाहेरच्या धातूच्या वेष्टनातून परत घेतला. रिले ढिम्म. करंट वाढवला, तरी ढिम्म. जाधव माझ्याकडे बघत होते. कडं खराब आलं का? वायर उलटी जोडली का? सगळं पुन्हा तपासलं, सगळं ठीक.

आणि मग एकदम तुमचा आवाज आठवला. त्या दुपारचा नाही, जुना, तळेगावच्या साइटवरचा. तुम्ही एका फिटरवर केवढ्यांदा ओरडला होतात. केबलच्या वेष्टनाची अर्थिंगची तार कड्यातून उलटी परत आणायची असते. नाहीतर गाभ्यातून गेलेला करंट वेष्टनातून परत येतो, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि कड्याला काहीच कळत नाही. मी तेव्हा तुमच्या ओरडण्यालाच वैतागले होते. आता खाली बसून ती तार सोडवली, कड्यातून परत आणली, बांधली. पुन्हा करंट सोडला. ब्रेकर धाडकन पडला. जाधव दचकले. मी तिथेच फरशीवर बसून रडले, भाऊ. जाधव बिचारे पाणी आणायला म्हणून निघून गेले आणि बराच वेळ आले नाहीत. त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे राहिलेत.

शुक्रवारी पहिल्या भट्टीत रस तयार असताना दुसरी चालू केली. मामा व्हॉल्व्हपाशी उभे होते. काही झालं नाही. लाईट राहिली. मामांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

तिथून मी तशीच तुमच्या घरी गेले. सुमनवहिनी ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. मी शेजारी बसून निवडायला लागले. मग त्या म्हणाल्या, "ताई, फौंड्रीत शेवटी काय ठेवलं? थांबायचं का लगीच तोडायचं?"

मी चमकले. त्यांना हे माहीत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, वहिनी, तुम्हाला कसं ठाऊक? त्या म्हणाल्या, ठाऊक नसायला काय झालं, रोज जेवताना तेच तर चालायचं. "मी म्हनायची, लगीच बंद झालेलं बरं. मानसाचा जीव म्होटा का कंपनी म्होटी? तर ते मला म्हनायचे, न्हाई सुमन, घाईनं तोडू न्हाई. ताई म्हनती ते ऐक."

मी पुन्हा विचारलं. कोण म्हणायचं, घाईनं तोडू नये?

"हेच की. कायम. मला वाटायचं, तुमी तिकडं लगीच तोडाय सांगत असाल आन् हे वैतागून घरी येत असतील."

मी हातातली ज्वारी सुपात टाकली. भाऊ, त्या फिटरच्या भुवया सांगून झाल्या की "माणसाचा जीव मोठा का कंपनी मोठी" हे तुम्ही मला शब्द न् शब्द असंच ऐकवायचात. ते वहिनींचं होतं? आणि माझं म्हणणं, ज्याला तुम्ही चाकणच्या ऑफिसात कधी एक इंचही जागा दिली नाहीत, ते तुम्ही रोज निघोज्यात जेवणाच्या ताटावर मांडत होतात? म्हणजे इतकी वर्षं मी आणि वहिनी एकमेकींशी भांडत होतो, मधे तुम्ही ये-जा करत होतात, आणि आम्हा दोघींना त्याचा पत्ता नव्हता. वहिनींना मी हे सांगितलं. त्या आधी हसल्या. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "मग त्येंचं सोताचं काय होतं वो?"

मला सांगता आलं नाही. त्यांना वाटतं, तुम्हाला नुसता वाद आवडायचा. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, तुम्हाला दोन्ही बाजूंची माणसं दिसत असायची, पॅनेलपाशी उभा असलेला फिटर आणि भट्टीपाशी उभे असलेले मामा, आणि ज्याला जो दिसत नाही तो तुम्ही त्याला दाखवत होतात. पण हेही मीच म्हणते आहे. तुम्ही असतात तर यालाही नाही म्हणाला असतात. तुमची उणीव मला दिवसभर या ना त्या रूपात भासते, पण सगळ्यांत जास्त इथे भासते, की माझ्या मनात तुमच्याबद्दल काय येतं, ते खोडून काढायला तुम्ही नाही.

एक गोष्ट मात्र तुम्हाला कधी सांगितली नाही, ती सांगते. उदगीरहून आलेल्या एकट्या बाईला या पट्ट्यात कुणी पॅनेलच्या खोलीत उभं करत नव्हतं. सगळे गोड बोलायचे, मॅडम मॅडम करायचे आणि माझ्यामागे माझं सेटिंग बदलून टाकायचे. तुम्ही माझ्यासमोर बदललंत आणि माझ्याशी भांडलात. पहिल्या दिवसापासून तुम्ही मला भांडण्याच्या लायकीची मानलंत. त्याबद्दल धन्यवाद म्हणायचं कधी सुचलंच नाही, कारण आपण सतत भांडत होतो.

आज एका नव्या कंपनीत मीटिंग होती, आपल्या दोघांना मिळून बोलावलं होतं तीच. मालक, त्यांचे दोन इंजिनियर आणि मी. मी नेहमीप्रमाणे इन्व्हर्सची बाजू मांडली. व्यवस्थित मांडली. आणि बोलणं संपवून गप्प बसले. सगळे माझ्याकडे बघत होते. मला कळेना हे असे का बघताहेत. मग लक्षात आलं, मी तुम्ही बोलायची वाट बघत होते.

तुमची बाजूही मीच मांडली. फिटर, भुवया, वरचा रिले, गिरणी, सगळं. ऐकता ऐकता मालकांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, दोन्ही पटतंय. पण तुमचं स्वतःचं मत काय?"

भाऊ, मला सांगता आलं नाही. उद्या सांगते म्हणाले, आणि बाहेर येऊन गाडीत बसले.